रन: तीन घरांत मावणारा शब्द

शब्दकोड्यात चौदा-पंधरा घरांची रिकामी ओळ दिसली की नवखा माणूस दबकतो. ती शेवटी बघू म्हणून बाजूला ठेवतो आणि कोपऱ्यातल्या तीन घरांच्या शब्दाकडे वळतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. लांबलचक शब्द सरळ स्वभावाचे असतात. ‘फोटोसिंथेसिस’ला अर्थ एकच. क्लू कितीही वळवला तरी पानं, ऊन आणि हरितद्रव्य सोडून तो फार लांब जाऊ शकत नाही. चार-पाच अक्षरं हाती लागली की उरलेला शब्द आपसूक समोर येतो. डोकं खातात ते छोटे शब्द. सेट, पुट, गेट, कट, रन. शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकलेले, पुढे कधी कोशात बघावे न लागलेले. इंग्रजी शब्दकोडी सोडवायला लागल्यापासून या छोट्या शब्दांबद्दल मला फार आदर वाटू लागला, आणि त्यांतही ‘रन’बद्दल. आर, यू, एन. तीनच अक्षरं.

हा आदर नुसता कोडी सोडवणाऱ्यांनाच वाटतो असं नाही. कोशकारांनाही वाटतो. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यातली सगळ्यात मोठी नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती: सुमारे ४३० अर्थ, आणि ते समजावून सांगायला साठ हजारांच्या आसपास शब्द. म्हणजे एका छोट्या कादंबरीएवढा ऐवज, एका तीन अक्षरी शब्दावर. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक नोंद नव्याने तपासायला घेतली गेली. सुरुवात ‘ए’पासून न करता ‘एम’पासून केली, कारण मूळ संपादकांची कामाची पद्धत पहिल्या काही अक्षरांत पुरती बसलेली नव्हती, मधल्या भागात आल्यावर त्यांचा हात स्थिरावला होता. या नव्या क्रमात सगळ्यात मोठ्या नोंदीचा मान आधी २००० साली ‘मेक’कडे गेला, मग २००७ साली ‘पुट’कडे, आणि २०११ साली ‘रन’कडे. क्रियापद म्हणूनच ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदवले गेले. पीटर गिलिव्हर या कोशकारानं त्यासाठी नऊ महिने खर्ची घातले.

या नऊ महिन्यांचा मी पुष्कळदा विचार करते. एका माणसानं रोज सकाळी कामावर यायचं आणि ‘रन’ उघडून बसायचं. या कोशात अर्थ आधी ठरवून मग त्याला शोभेल असं उदाहरण जोडायचं, असा प्रकार नाही. उदाहरणं आधी येतात. शेकडो वर्षांतल्या पुस्तकांमधून, पत्रांमधून, वर्तमानपत्रांमधून टिपलेली वाक्यं समोर असतात. पहिल्या आवृत्तीच्या काळात ती कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली असत. संपादक जेम्स मरे यांच्या कामाच्या खोलीत त्या चिठ्ठ्या ठेवायला भिंतभर खण केलेले होते. ती वाक्यं वाचायची, एकसारखी वाटणारी एकत्र लावायची, मग त्या गठ्ठ्यात पुन्हा दोन गट दिसले तर तो फोडायचा. ‘नदी रन होते’ आणि ‘रस्ता नदीच्या काठानं रन होतो’ हे एका गठ्ठ्यात ठेवायचं की दोन? नदी खरोखर पुढे सरकते, रस्ता जागचा हलत नाही. पण दोघांचीही रेघ लांबवर जाते. इथे निर्णय घ्यावा लागतो, आणि असे शेकडो निर्णय एकमेकांशी सुसंगत ठेवावे लागतात. मला हे काम थोर वाटतं. या माणसानं नऊ महिन्यांत जे वेगळं करून ठेवलं ते आपण बोलताना क्षणात एकत्र वापरतो.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली त्यांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत अशाच शब्दांबद्दल लिहून ठेवलं आहे. कम, गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न अशा क्रियापदांची त्यांनी यादीच दिली आहे, आणि म्हटलं आहे की भाषा जिवंत आहे, बोलणाऱ्या प्रत्येकाच्या लहरीनं बदलते आहे, तोवर हे शब्द तासातासाला आपली नाती बदलत राहणार. वादळात हेलकावणाऱ्या वनराईचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहून तिचं नेमकं चित्र जसं काढता येत नाही, तसेच हे शब्द कोशात नेमके पकडता येत नाहीत. कोशाच्या प्रस्तावनेत कोशकारानं इतकी सुंदर कबुली दिलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. त्यात तक्रारीचा सूर नाही. वादळही त्यांना दिसतं, झाडंही दिसतात, आणि तरी ते चित्र काढायला बसलेले आहेत.

आता ‘रन’कडे नीट पाहू.

पायांनी पळणं हा अर्थ आपल्याला पहिला वाटतो. पण या शब्दाच्या मुळातच पळण्याबरोबर वाहणंही आहे. जर्मन ही इंग्रजीची बहीण भाषा. तिथे ‘रेनेन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात राहिले. म्हणून माणूस रन होतो तसं पाणीही होतं, नळ होतो, सर्दीत नाक होतं, मेणबत्तीचं वितळलेलं मेण होतं. कच्च्या रंगाचा कपडा धुतला की त्याचा रंग रन होतो. हा सगळा ओलसर गोतावळा पळण्यातून ओढूनताणून काढलेला नाही.

मग यंत्रं आली. घड्याळ रन होतं, पाणचक्की होते, आगगाडी होते. यंत्राला पाय नाहीत आणि ते वाहतही नाही, पण एकदा सुरू झालं की आपलं आपण चालत राहतं, आणि ‘रन’ला तेवढं पुरतं. इथून पुढे एक मोठी उडी आहे. गिरणी रन होते. मग ती रन करणारा एक माणूस येतो. या वाक्यात पळणारा कुणीच नाही. एक जण खुर्चीत बसून कारभार पाहतो आहे आणि त्याच्या हाताखाली काम चाललं आहे. व्यवस्थापन हा ‘रन’चा अर्थ असा जन्माला येतो. संगणकाचा प्रोग्रॅम याच वाटेनं पुढे आला. वर्तमानपत्र बातमी रन करतं. नाटकाचा रन सहा महिने चालतो. सलग येणाऱ्या पत्त्यांचा रन होतो. बर्फावरून घसरत जायच्या उताराला रन म्हणतात. कोंबड्यांना मोकळं फिरायला जाळी लावून केलेली जागा, तीही रन. बँक बुडणार अशी आवई उठून ठेवीदार एकदम पैसे काढायला धावतात तो बँकेवरचा रन, आणि तिथे बहुतेक जण खरं तर रांगेत उभे असतात.

उभं राहण्यावरून आठवलं. अमेरिकेत निवडणुकीला उमेदवार ‘रन’ होतो, ब्रिटनमध्ये तोच उमेदवार ‘स्टँड’ करतो. एक पळतो, दुसरा उभा राहतो, आणि दोघांचंही काम मतं मागणं. पायमोज्याचा एक धागा सुटून वरपासून खालपर्यंत जी रेघ पडते, तिला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’: उसवलेल्या धाग्यांच्या आडव्या पायऱ्या दिसतात म्हणून.

आणि क्रिकेटमधला रन. हा तर अक्षरशः पळून मिळवायचा. दोन टोकांमधलं बावीस यार्डांचं अंतर, फलंदाजांनी जागा बदलली की एक रन. पण चेंडू सीमेपार गेला की फलंदाज अर्ध्यात थांबतात, कुणीच पळत नाही, आणि फलकावर चार रन चढतात. शब्द आपल्या मूळ कामापासून कसा सुटतो ते इतकं स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेलं नाही. पळण्याला आधी मोजमाप मिळालं, आणि मग त्या मोजमापाला पळण्याची गरजच उरली नाही.

मग तो थेट उलट्या टोकालाही जातो. विहीर रन ड्राय होते तेव्हा वाहणं थांबलेलं असतं. इंधन रन आउट होतं तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहते. आंघोळीचा टब रन करायचा म्हणजे पाणी वाहवत न्यायचं नाही, साठवायचं. शब्दाचा मूळ गाभा एकच असता तर हे व्हायला नको होतं. इथे जे आहे ते गाभ्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नातं आहे: प्रत्येक अर्थ बाजूच्या अर्थाला ओळखतो, पण पहिल्या आणि शेवटच्या अर्थाची एकमेकांशी भेटही झालेली नसते.

म्हणून कोशाला प्रत्येक अर्थाखाली वाक्य द्यावं लागतं. ‘रन’ एकटा उच्चारला तर तो साडेसहाशेपैकी कुठला हे सांगता येत नाही. मागेपुढे टब असेल, बँक असेल, मोजा असेल, तेव्हा बाकीचे अर्थ आपोआप गळून पडतात. आपल्याला निवड केल्याचं जाणवतसुद्धा नाही.

शब्दकोडं नेमकं हेच वाक्य काढून घेतं.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या ‘फन’ नावाच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकारानं चौकटीच्या आकाराचं नव्हे तर हिऱ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं आणि त्याला ‘वर्ड-क्रॉस’ म्हटलं. काही आठवड्यांनी छापताना शब्दांची अदलाबदल झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ हे नाव चिकटलं ते कायमचं. त्या पहिल्या कोड्यात वरच्या ओळीत एक शब्द आधीच भरून दिला होता: ‘फन’. म्हणजे जगातल्या पहिल्या क्रॉसवर्डमधला पहिला शब्द ‘रन’पासून फक्त एका अक्षराच्या अंतरावर आहे. याला काही अर्थ नाही हे मला कळतं, पण आवडतं.

पुढचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्यातला एकच तुकडा महत्त्वाचा वाटतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १९२४ साली या नादाला पापी अपव्यय म्हणून फटकारलं होतं. त्याच वर्तमानपत्रानं फेब्रुवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, स्वतःचं रविवारचं कोडं सुरू केलं. काळ वाईट असला की माणसाला काहीतरी असं हवं असतं ज्याचं उत्तर नक्की असतं. संपादक होत्या मार्गारेट फरार. आज आपण जे गृहीत धरतो त्यातलं पुष्कळसं वळण त्यांनी लावलेलं आहे.

अमेरिकन पद्धतीच्या कोड्यात क्लूचे नियम साधे आणि कडक आहेत. क्लू आणि उत्तर एकमेकांच्या जागी बसले पाहिजेत. क्लू नाम असेल तर उत्तर नाम. क्लू भूतकाळात असेल तर उत्तरही भूतकाळात. ‘मॅनेज्ड’ असा क्लू असेल तर उत्तर ‘रन’ नाही, ‘रॅन’. उत्तर संक्षेप असेल तर तशी खूण क्लूमध्ये हवी. कोटी केली असेल तर बहुधा शेवटी प्रश्नचिन्ह येतं. एवढं सांभाळलं की रचणारा मोकळा. ‘मॅनेज’, ‘ब्लीड’, ‘फ्ली’, ‘स्ट्रीक’, ‘सीक ऑफिस’, ‘बँक पॅनिक’: सगळ्यांचं उत्तर तेच तीन अक्षरी. अशा एका शब्दासाठी आजवर वापरलेल्या क्लूंच्या लांबच लांब याद्या असतात. अडलेला माणूस त्यात डोकावतो आणि उत्तर घेऊन निघून जातो. मी मात्र कोडं सुटलेलं असतानाही अशा याद्या वाचते. त्यांना ना काळाचा क्रम, ना अर्थांचे गट. ‘ब्लीड’च्या शेजारी ‘ऑपरेट’ असतं आणि दोन्ही मिळून शस्त्रक्रियागृह डोळ्यांसमोर उभं करतात, प्रत्यक्षात पहिला रंगाबद्दल बोलतो आहे आणि दुसरा यंत्राबद्दल. कोशानं काळजीपूर्वक वेगळं केलेलं सगळं इथे पुन्हा एकत्र सांडलेलं असतं, आणि मला वाटतं बोलणाऱ्याच्या डोक्यात ते असंच असतं.

क्लूमध्ये एखादा शब्द किंवा फार तर दोन. वाक्य नाही. मग इतक्या अर्थांतून एक निवडायचा कसा? तर उभ्या-आडव्या छेदांनी. शेजारचे शब्द वाक्याची जागा घेतात. टबानं, बँकेनं, मोज्यानं जे काम केलं असतं ते इथे तिरपागड्या मार्गानं दुसऱ्याच कुठल्यातरी शब्दाचं एक अक्षर करतं. त्या शब्दाचा ‘रन’शी अर्थाचा काडीचाही संबंध नसतो, तरी तो त्याचा अर्थ पक्का करून जातो. या गोष्टीचं मला आजही नवल वाटतं.

एक कोपरा दाखवते. खालचा, उजवीकडचा. आडवी तीन घरं, क्लू ‘होज प्रॉब्लेम’. होज म्हटलं की बागेला पाणी घालायची नळी डोळ्यांपुढे येते, आणि नळीची अडचण म्हणजे गळती: ‘लीक’. पण ‘लीक’ला चार घरं लागतात. ‘किंक’, म्हणजे नळीला पडलेला पीळ, त्यालाही चारच. पहिल्या घरातून वरून खाली येणाऱ्या लांब शब्दाचं शेवटचं अक्षर आर होतं, ते पक्कं होतं. आर आणि पुढे दोन घरं. इथे होजचा दुसरा अर्थ आठवावा लागतो: पायमोजे. लगेच ‘रिप’ सुचतं, फाटणं. आर, आय, पी. चपखल. पण ‘रन’ही तितकाच चपखल, आणि मोज्याच्या बाबतीत जास्त नेमका. दोघांचीही पहिली अक्षरं जुळतात, दोघंही नाम आहेत, क्लूचा कुठलाच नियम यांच्यात निवाडा करत नाही. मधल्या घरातून जाणारा उभा शब्द अजून कोरा होता. राहिलं शेवटचं घर. तिथून खाली तीन घरांचा उभा शब्द, क्लू ‘कोर्ट डिव्हायडर’. न्यायालयात दोन पक्षांना वेगळं करणारं काय असतं? कठडा? वकील? मग लक्षात येतं की हे कोर्ट टेनिसचं आहे आणि मधे ताणलेली आहे जाळी. ‘नेट’. पहिलं अक्षर एन. ‘रिप’ गेला, ‘रन’ राहिला. टेनिसच्या जाळीनं मोज्याचा सुटलेला धागा पक्का केला.

जाळीवरून जॉन्सन यांची एक व्याख्या सांगायलाच हवी. ‘नेटवर्क’ या शब्दाखाली त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा: समान अंतरांवर जाळीदार किंवा एकमेकांना छेदणारी, आणि छेदांच्या मधे मोकळ्या जागा असलेली कोणतीही वस्तू. साधी जाळी समजावून सांगायला मूळ शब्दाहून अवघड शब्द वापरले म्हणून या व्याख्येला लोक अडीचशे वर्षं हसत आले आहेत. मला हसू येत नाही. समान अंतरं, छेदणाऱ्या ओळी, मधल्या मोकळ्या जागा. विन यांच्या कोड्याच्या १५८ वर्षं आधी जॉन्सन यांनी शब्दकोड्याच्या चौकटीचं अचूक वर्णन करून ठेवलं आहे.

ब्रिटिश क्रिप्टिक कोड्याची चाल वेगळी. तिथे चौकट विरळ असते. उत्तरातली साधारण निम्मीच अक्षरं दुसऱ्या शब्दाशी छेदली जातात. आधार कमी, म्हणून क्लूनं तो भरून द्यायचा. क्लूचे दोन भाग: एका टोकाला व्याख्या, उरलेल्यात अक्षरांचा खेळ. मी ‘रन’साठी एक केला आहे: ‘स्मॅश अर्न अँड फ्ली’. ऐकायला वाटतं कुणीतरी अस्थिकलश फोडून पळ काढतो आहे. ‘फ्ली’ ही व्याख्या. ‘अर्न’ची यू, आर, एन ही अक्षरं ‘स्मॅश’ केली, म्हणजे फोडून नव्यानं मांडली, की आर, यू, एन मिळतात. ॲशेस मालिकेत ज्या कलशासाठी इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया रन काढतात, तो कलश आणि तो रन एकाच तीन अक्षरांचे बनलेले आहेत, हे कळलं तेव्हा मी वही बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते.

या कोड्यांमध्ये फसवणूक आहे, पण लबाडी नाही, आणि हा फरक त्या परंपरेनं फार जपला आहे. तिथले नामवंत रचनाकार टोपणनावं घेत. टोर्केमाडा, झिमेनेस अशी स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या कर्दनकाळ अधिकाऱ्यांची. ‘ॲफ्रिट’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ साली नियम सांगून ठेवला: मी जे म्हणतो ते माझ्या मनात असलंच पाहिजे असं नाही, पण माझ्या मनात जे आहे ते मी म्हटलंच पाहिजे. ‘होज’ म्हणताना बागेची नळी दाखवायची मुभा आहे, पण मोजा त्या शब्दात खरोखर असायला हवा. तो अर्थ कोशात असायला हवा. कोश आणि कोडं यांचा करार असा या एका वाक्यात मावतो.

याच परंपरेतलं एक कोडं मी सोडवलेलं नाही, नुसतं वाचलं आहे, आणि ते मनातून जात नाही. ‘गार्डियन’मध्ये १९५८ पासून कोडी देणारे आणि पुढे ‘अराउकारिया’ या नावानं ओळखले गेलेले रेव्हरंड जॉन ग्रॅहम. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी एका कोड्याच्या माथ्यावर एक ओळ लिहिली: अराउकारियाला १९ चा १८ उभा झाला आहे, त्यावर १३ १५ चे उपचार चालू आहेत. सोडवणाऱ्यांनी घरं भरत नेली आणि वाक्य पुरं होत गेलं. १८ उभा: कॅन्सर. १९: अन्ननलिका. १३ आणि १५: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होण्यासाठी नसलेली, त्रास कमी करणारी शुश्रूषा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. इतकी वर्षं ज्यांनी त्यांचे क्लू उलगडले त्यांना त्यांनी ही बातमी त्यांच्या रोजच्या भाषेत दिली, आणि ती सावकाश, एकेक अक्षरानं कळेल अशी सोय केली. कोडं म्हणजे वेळ घालवणं, असं कुणी म्हणालं की मी या ओळीबद्दल सांगते.

छेदानं अर्थ पक्का होतो, असं मी वर म्हटलं. एका कोड्यानं तेही मोडून दाखवलं. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. ‘रन’चा तोच अमेरिकन अर्थ: बिल क्लिंटन आणि बॉब डोल दोघंही रन करत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गणिताचे प्राध्यापक जेरेमाया फॅरेल यांचं कोडं होतं. उद्याच्या वर्तमानपत्रातली मुख्य बातमी काय, असा मधल्या ओळीचा क्लू, आणि उत्तराचा दुसरा भाग ‘इलेक्टेड’. पहिल्या भागाला सात घरं. ‘क्लिंटन’ बसतं, सात अक्षरं. ‘बॉबडोल’ही बसतं, सातच. आणि छेदणारे उभे शब्द? हॅलोवीनचा काळा प्राणी: ‘कॅट’ लिहिलं तर क्लिंटनचा सी मिळतो, ‘बॅट’ लिहिलं तर बॉबचा बी. पुढच्या प्रत्येक घराची तीच गत; प्रत्येक उभ्या शब्दाला दोन उत्तरं, आणि दोन्ही क्लूशी प्रामाणिक. निकाल लागायच्या आधीच एकाला विजयी ठरवलं म्हणून लोकांनी संतापून संपादक विल शॉर्ट्झ यांना फोन केले. ज्यांनी क्लिंटन भरलं होतं त्यांना डोलची शक्यता दिसलीच नव्हती, आणि उलटंही तसंच. माझ्या मते आजवर रचलेलं सगळ्यात देखणं कोडं हेच. त्यात एका घरापुरताही निवाडा कोड्याच्या आत होत नाही. त्या दिवशी मतमोजणी संपेपर्यंत काळी मांजरही खरी होती आणि वटवाघूळही.

हल्ली मी ‘रन’चे स्वतःचे क्लू वहीत लिहून ठेवते. व्यवस्थापन, पळ, रंग, बँक हे अर्थ इतके वापरून झाले आहेत की त्यांत नवं काही काढायचं तर कोटीच करावी लागते. एक अर्थ मात्र मला अजून पुरेसा वापरलेला दिसत नाही. समुद्रात वाढलेले सॅमन मासे अंडी घालायला जन्मस्थळी परततात, थव्यानं, नदीच्या प्रवाहाविरुद्ध, धबधब्यांवरून उड्या मारत. त्या वार्षिक प्रवासालाही ‘रन’ म्हणतात. म्हणजे एकाच पात्रात पाणी खाली रन होतं आणि मासे वर, आणि इंग्रजीला दोन्हीसाठी वेगळा शब्द काढावासा वाटलेला नाही. मी त्यावर ‘अपहिल स्विम’ असा क्लू केला आहे. नाम आहे, उत्तराच्या जागी बसतो, आणि सॅमनचं नाव न घेता त्यांच्याकडे बोट दाखवतो. शेवटी प्रश्नचिन्ह टाकावं का, यावर माझं बरेच दिवस चाललं होतं. कारण टेकडी चढत पोहायचं म्हणजे कोटी वाटते. पण सॅमन ते अक्षरशः करतात, त्यामुळे मी ते टाकलेलं नाही.